बिअर्डेड ड्रॅगन खात नाही? आधी दिवा बघा

प्रति,
मा. संपादक

महोदय,

शिकायला परदेशी निघालेल्या मुलाचा, बदली झालेल्या कुटुंबाचा किंवा नुसताच कंटाळा आलेल्या मालकाचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा, दुसऱ्या घरी जातो, हे पुण्या-मुंबईत आता नवे राहिलेले नाही. नव्या घरी तिसऱ्या दिवसापर्यंत त्याच्यापुढे काकडी, सफरचंद, रातकिडे, उकडलेले अंडे असे सगळे मांडून झालेले असते आणि तो डोळे मिटून पडून असतो. मग घरातले चिमटा घेऊन त्याचे तोंड उघडायला बसतात. तो चिमटा हातात घेण्याआधी चार गोष्टी तपासल्या जाव्यात, म्हणून हे पत्र.

हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातला. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, पश्चिम व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया इथल्या कोरड्या, झुडपी मुलखात तो राहतो. शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स. ऑस्ट्रेलिया आपले सरपटणारे प्राणी व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे जगभर पाळलेले सगळे ड्रॅगन पिंजऱ्यातच पिढ्यान् पिढ्या वाढलेले. शरीर मात्र अजून त्याच मुलखाचे. सकाळी दगडावर किंवा कुंपणाच्या खांबावर बसून तो अंग तापवतो. अंगातले तापमान ३५ अंशांच्या आसपास गेले की मग तो शिकारीला निघतो. त्याखाली पचनाचे काम मंदावते आणि बरेच गार पडल्यावर जवळजवळ थांबतेच. गारठलेल्या सरड्याने गिळलेला किडा पोटात तसाच राहतो, सडतो किंवा उलटून पडतो. म्हणजे अंग गार असताना तोंड फिरवणारा ड्रॅगन शहाणपणाच करत असतो.

घरी तो काचेच्या पेटीत राहतो आणि वरचा दिवा हेच त्याचे ऊन. म्हणून पहिला प्रश्न ‘काय खायला देता’ हा नसून ‘दिव्याखाली किती तापमान आहे’ हा असावा. यावर बहुतेकांचे उत्तर असते, ‘गरम लागते हाताला’. हाताला गरम लागणे हे मोजमाप नव्हे. दिव्याखालच्या दगडाचा किंवा ओंडक्याचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवा, पिल्लांसाठी या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे. पेटीची दुसरी बाजू २४ ते २९ अंश, आणि रात्री १८-२० च्या खाली उतरू नये. काचेला चिकटवायची गोल तबकडी काचेजवळच्या हवेचे तापमान सांगते आणि तेही बऱ्याचदा चुकीचे. पृष्ठभागासाठी पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक आणि थंड बाजूला वायरीचा प्रोब, एवढ्या दोन वस्तू घ्याव्यात. दिवा लावल्यानंतर एका तासाने मोजावे, आणि प्राणी जिथे बसतो त्या जागेवर त्याच्या पाठीच्या उंचीला मोजावे.

उष्णतेसाठी हॅलोजनचा फ्लड दिवा चांगला. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. घरातले सगळे दिवे एलईडीचे झाल्यापासून ही चूक फार होते. तापमान कमी-जास्त करायला दिव्याला डिमर जोडावा किंवा दगडाची उंची बदलावी. पोटाखाली ठेवायचा तापणारा कृत्रिम दगड मात्र पेटीतून काढून टाका. ऊन डोक्यावरून येते अशीच या प्राण्याच्या शरीराची समजूत असते. खालून भाजत असले तरी तो वेळेवर उठत नाही, आणि पोटाची कातडी जळते. लाल किंवा निळा ‘रात्रीचा दिवा’सुद्धा नको, त्याने झोप मोडते. पुणे-नाशिककडे थंडीत खोलीच फार गार होत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावावा.

दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांचा. यात फसवणूक जास्त होते, कारण यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही. या किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम शोषले जाते. कॅल्शियम कमी पडले की आधी स्नायू आणि आतडे सुस्त होतात, मग बोटे थरथरतात, जबडा रबरासारखा मऊ पडतो. असा प्राणी भुकेला असूनही चावू शकत नाही. तो किड्यामागे धावतो, तोंडात धरतो आणि सोडून देतो. घरातल्यांना वाटते, आवड नाही.

पिळाच्या आकाराचा छोटा यूव्हीबी बल्ब पुरत नाही. पेटीच्या निम्म्या ते दोन तृतीयांश लांबीची टी-५ नळी (बारीक ट्यूबलाइटसारखी) हवी, १० ते १२ टक्के यूव्हीबीची, मागे परावर्तक असलेली. मध्ये जाळी नसेल तर ती पाठीपासून साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर, जाळी असेल तर २५ ते ३० वर. कंपनीने खोक्यावर अंतर दिले असेल तर तेच पाळावे. जाळी बारीक असेल तर यूव्हीबीचा मोठा हिस्सा तिथेच अडतो, आणि काच तो जवळजवळ सगळाच अडवते. पेटीवर काचेचे झाकण आणि त्यावर महागडी नळी, अशी रचना म्हणजे नुसती रोषणाई. नळी वर्षभराने उजेड देत राहते, पण यूव्हीबी ओसरलेला असतो. दत्तक आलेल्या प्राण्याबरोबर आलेली जुनी नळी किती वर्षांची हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. ती बदलाच. दोन्ही दिवे एकाच बाजूला, एकमेकांशेजारी, रोज १२ ते १४ तास.

महाराष्ट्रात आठ महिने तरी खरे ऊन फुकट मिळते, त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात. सकाळी आठ-नऊच्या कोवळ्या उन्हात, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून १५ ते २० मिनिटे ठेवावे. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नये, ती काही मिनिटांत भट्टी होते. गच्चीवर असाल तर घारी, कावळे आणि शेजाऱ्याचे मांजर विसरू नका. कित्येक दिवस न खाल्लेला प्राणी उन्हातून आत आल्यावर पहिला घास घेतो, असे बऱ्याचदा दिसते.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात वेगळी अडचण येते. याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, बाहेर ती ८०-९० असते. पेटीला दोन्ही अंगांना हवा खेळायला जागा हवी, पाण्याचे पसरट भांडे दिव्याखाली न ठेवता थंड बाजूला ठेवावे, आणि शक्य असेल तर खोलीत एसी कोरड्या मोडवर चालवावा. दमट आणि गार अशी दोन्ही संकटे एकत्र आली की छातीचा संसर्ग होतो. तोंडात चिकट लाळ, श्वासाला टिकटिक आवाज, दिव्यापासून दूर असतानाही तोंड उघडे: ही लक्षणे त्याची. दिव्याखाली बसून तोंड उघडे ठेवणे मात्र नेहमीचेच, अंग जास्त तापल्यावर तो तसे करतो.

पेटी मोठ्या प्राण्याला १२० × ६० × ६० सेंटिमीटर असावी. पण नव्या घरी आलेला ड्रॅगन काचेवर सतत चढत असेल, हनुवटी काळी करत असेल किंवा पोटावर गडद रेघा दिसत असतील, तर तो घाबरलेला आहे. तीन बाजूंना बाहेरून कागद लावून टाका. काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटते. त्याच पेटीत आधीपासून दुसरा ड्रॅगन असेल तर आजच वेगळे करा. ‘जोडीने राहतात’ ही समजूत चुकीची आहे. एक दिव्याखाली बसतो आणि दुसरा न मारामारी करता, न खाता हळूहळू वाळतो.

तळाला वाळू, भुसा, अक्रोडाच्या सालींचा चुरा यांपैकी काही नको, निदान पहिले दोन महिने तरी. अशक्त प्राणी घासाबरोबर ते गिळतो आणि आतडे तुंबते. साधे वर्तमानपत्र अंथरा. संपादक महाशयांनी राग मानू नये, पण नव्या ड्रॅगनच्या पेटीत आपल्या दैनिकाइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही: शी कधी झाली, कशी झाली, किडा उलटून पडला का, हे त्यावर लगेच दिसते.

एवढे झाले की पहिले पाच ते सात दिवस त्याला हात लावू नये. पाहुण्यांना दाखवणे नको, मुलांच्या मांडीवर नको, फोटो नकोत. सकाळी दिवे लागल्यावर दीड-दोन तासांनी, अंग तापल्यावर, खाणे ठेवावे. दिवे मालवण्याआधीच्या दोन तासांत किडे देऊ नयेत, कारण पचायला ऊब उरत नाही. वीज गेलेली असेल तर वीज येऊन अंग पुन्हा तापेपर्यंत खाणे नको. दोन-तीन किडे चिमट्याने त्याच्यासमोर बाजूने हलवावेत, वरून नव्हे. वरून येणारी गोष्ट त्याला शिकारी पक्षी वाटते. पंधरा मिनिटांत घेतले नाहीत तर बाहेर काढावेत. रात्रभर पेटीत सोडलेले रातकिडे निजलेल्या ड्रॅगनच्या पापण्या आणि बोटे कुरतडतात. पालेभाजीची ताटली मात्र दिवसभर राहू द्यावी आणि रोज ताजी करावी.

आधीच्या मालकाला फोन करून पाच गोष्टी विचाराव्यात: कोणते किडे देत होता, भाजी चिरून की अख्खी, किती वाजता, नळी कधी घेतली, शेवटची शी कधी झाली. वर्षभर फक्त सुपरवर्मवर (भुंग्याच्या मोठ्या अळ्यांवर) वाढलेला प्राणी मेथीच्या काडीला अन्न म्हणून ओळखतच नाही. त्याला आधी ओळखीचेच द्यावे, आणि बदल तीन-चार आठवड्यांत हळूहळू करावा. पिल्लांना तीन भाग किडे आणि एक भाग पाला, मोठ्यांना बरोबर उलटे, हे प्रमाण माहीत असले तरी उपाशी प्राण्याला ते पहिल्याच आठवड्यात शिकवायला जाऊ नये.

किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. भूक चाळवायला मऊ, वळवळणाऱ्या अळ्या चांगल्या, आणि त्यात तुतीवर वाढलेली रेशीम अळी सर्वांत सरस: पाणीदार, मऊ, सहज पचणारी. मराठवाड्यात रेशीमशेती करणारे शेतकरी आहेत, त्यांच्याकडे अळ्या मिळू शकतात. पण रोग टाळायला अळ्यांच्या रॅकवर चुन्याची किंवा निर्जंतुक करणारी भुकटी टाकतात, तेव्हा भुकटी टाकण्याआधीच्या अळ्या मागून घ्याव्यात आणि घरी दोन दिवस स्वच्छ तुतीच्या पानांवर ठेवाव्यात. स्वयंपाकघरातले झुरळ, रस्त्यावरच्या दिव्याखालचे किडे, शेतातले नाकतोडे देऊ नयेत. कीटकनाशकाचा भरवसा नाही. काजवे तर अजिबात नाहीत. अमेरिकेतल्या काही काजव्यांमध्ये हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि एखादाच काजवा खाऊन ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांनी डबीत काही भरून आणू नये.

पाल्यात शेवग्याचा कोवळा पाला, तुतीची पाने, मुळ्याचा आणि मोहरीचा पाला, जास्वंदीची फुले व पाने, सोबत किसलेला लाल भोपळा. शेवगा आणि जास्वंद आपल्याकडे दारोदारी असताना लोक आयात केलेल्या केलच्या मागे लागतात, याचे नवल वाटते. पालक, लाल माठ, चुका यांत ऑक्झॅलेट जास्त, ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून रोज नको. अळू आणि अवोकाडो कधीच नको. जास्वंदीची लाल पाकळी चिरलेल्या पाल्यावर ठेवली की रंगाकडे तो लगेच वळतो. किड्यांना फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर चोळावी: पिल्लांना जवळजवळ रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा. उकडलेले अंडे, पनीर, मांजराचे खाद्य यांची गरज नाही.

आता वाट किती दिवस बघायची? याचे उत्तर कॅलेंडरवर नाही, वजनकाट्यावर आहे. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यावा. पहिल्या दिवशी एकदा आणि नंतर दर तीन दिवसांनी, सकाळी खाण्याआधी, डब्यात बसवून वजन करावे आणि लिहून ठेवावे. हात न लावण्याच्या आठवड्यातही एवढी सवलत घ्यावी. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण ३०० ते ५०० ग्रॅमचा असतो. शेपटीचे मूळ भरलेले, डोळ्यांमागचे उंचवटे गोल, डोळे टपोरे आणि वजन स्थिर, असा मोठा ड्रॅगन दहा-पंधरा दिवस न खाता राहिला तर घाबरायचे कारण नाही. ४०० ग्रॅमचा ३६० वर आला, म्हणजे दहा टक्के घटला, तर मात्र वाट बघणे थांबवून डॉक्टर गाठायचा. चार महिन्यांखालच्या पिल्लाचा हिशेब निराळा: त्याने दोन-तीन दिवस काहीच घेतले नाही तर तेवढ्यातच डॉक्टर गाठावा. कमरेची हाडे दिसू लागली, डोळे खोल गेले, अंग उचलून चालता येत नाही, बोटे किंवा पाय थरथरतात, यापैकी काही असेल तर मोठ्यासाठीही वाट बघणे नाही.

‘हिवाळा आहे, झोपला असेल’ हे कारण फार सैलपणे सांगितले जाते. वर्षाच्या पुढचे निरोगी ड्रॅगन दिवस लहान झाले की दोन-तीन महिने सुस्तावतात, कोपऱ्यात शिरून पडून राहतात, हे खरे. पण त्या झोपेत वजन फारसे उतरत नाही. उतरले तर ते आजारपण. नुकत्याच आलेल्या, पूर्वेतिहास माहीत नसलेल्या प्राण्याची शी तपासल्याशिवाय त्याला झोपू देऊ नये, कारण पोटातले जंत आणि कोक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) झोपत नाहीत. पोटात अन्न असताना दिवे बंद करून त्याला ‘झोपवणे’ तर सरळ घातक.

मादी असेल तर आणखी एक शक्यता. नर कधी भेटला नसला तरी ती अंडी धरते. खाणे सोडते, पेटीच्या कोपऱ्यात सतत उकरते, आणि पोटात द्राक्षांसारखे उंचवटे हाताला लागतात. तिला २५-३० सेंटिमीटर खोल, ओलसर वाळू आणि माती मिसळलेला डबा द्यावा. तिने उकरलेले बीळ कोसळले नाही तर ओलावा बरोबर आहे. उकरून उकरून थकली, अंडी आली नाहीत आणि मरगळली, तर अंडी अडकली आहेत असे समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे.

शी तपासणी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळला जाणारा उपाय. ताजी शी स्वच्छ डबीत घालून, लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून (फ्रीझरमध्ये नव्हे), त्याच दिवशी द्यावी. जिथे सूक्ष्मदर्शक आहे अशा कोणत्याही पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत ती बघता येते, मग तिथे एरवी गाई-म्हशींचीच तपासणी होत असली तरी चालेल. फक्त नमुना सरड्याचा आहे आणि कोक्सिडिया शोधायचे आहेत हे सांगावे. थोडे पिनवर्म (बारीक जंत) बहुतेकांत असतात, त्यासाठी लगेच औषध लागतेच असे नाही. कोक्सिडियाचा भार मोठा असेल तर शी पातळ, दुर्गंधीयुक्त होते आणि भूक जाते. ओळखीच्या कुणाच्या सांगण्यावरून जंताचे औषध देऊ नये. पाणी कमी झालेल्या शरीरात तेच औषध मूत्रपिंडांवर बसते.

शीबरोबर येणारा पांढरा खडू, म्हणजे युरेट, तोही बघा. मऊ आणि पांढरा असेल तर ठीक, पिवळा-नारिंगी आणि कडक असेल तर पाणी कमी पडते आहे. खाणे सुरू करण्याआधी पाणी. नाकाच्या टोकावर थेंब थेंब सोडला की तो चाटतो. ३० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात, कोपर बुडेल इतक्याच खोलीला, दहा मिनिटे बसवावे आणि नजर हलवू नये. अशक्त प्राणी उथळ पाण्यातही बुडतो. नंतर पुसून थेट दिव्याखाली.

तोंड जबरदस्तीने उघडून भरवणे घरी करूच नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते, सिरिंजमधले पातळ अन्न सरळ फुप्फुसात जाते. कॅल्शियम कमी असेल तर चिमट्याच्या दाबाने जबडा मोडतो. शिवाय कित्येक आठवडे उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले तर रक्तातले क्षार बिघडून तो प्राणी खाल्ल्यानंतर मरतो. आधी ऊब, मग पाणी, मग थोडेसे अन्न, आणि नळीने भरवायचे असेल तर ते डॉक्टरनेच.

डॉक्टर निवडताना फोनवर सरळ विचारावे: सरडे तपासता का, शीची तपासणी होते का, एक्स-रे निघतो का. जाताना वजनाची वही, पेटीचा पूर्ण फोटो, दोन्ही दिव्यांची खोकी आणि शीचा नमुना न्यावा. प्राणी झाकण असलेल्या, भोके पाडलेल्या खोक्यात टॉवेलवर ठेवावा. थंडीत कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी, उन्हाळ्यात बंद गाडीत एक मिनिटही नाही. दत्तक घेतानाच पावती आणि कागद मागून घ्यावेत आणि नोंदणीबद्दल वनविभागाकडे विचारून ठेवावे. आणि कोणी ‘देशी ड्रॅगन’ म्हणून घोरपडीचे पिल्लू देऊ केले तर ते घेणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, घोरपड पहिल्या अनुसूचीत येते.

आपले,
सरपटणारे प्राणी सांभाळणारे व तपासणारे काही जण,
पुणे